मुसळी खणण्याची घाई नको

कन्नौदकडच्या सागाच्या रानात पहिल्या पावसासरशी सफेद मुसळी उगवते व श्रावणात पांढरी फुले धरते. शक्तिवर्धक औषधासाठी मुळ्यांना भाव येतो, म्हणून हिरवी झाडेच उपटली जातात. यात दुहेरी नुकसान : मुळी कोवळी निघते आणि बीही जाते. बी सांडून पाने वाळल्यावरच खणावे. वरच्या गड्ड्याचा तुकडा लागलेल्या काही मुळ्या तिथेच पुन्हा पुराव्यात. नुसती मुळी फुटत नाही. या वनस्पतीला बोरिवलीवरून शास्त्रीय नाव देणाऱ्या दोघांपैकी एक येशूसंघीय फादर सांतापाव होते. विक्रीसाठी मुसळी शेतातच वाफे करून लावावी. बियाण्याची कणगी कोणी दळून खात नाही. रानही तशीच कणगी आहे.