गाडी तापली तर थांबू द्या



मृग बहाराची संत्री तोडणीला येतात ती फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. नेमके तेव्हाच आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात ऊन चढू लागते, आणि पांदणीच्या तोंडाशी किंवा घाटाच्या वळणावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या जीपगाड्या आणि पिकअप दिसू लागतात. समोरून वाफ निघत असते, मागे क्रेट रचलेले असतात, आणि ड्रायव्हर हातात पाण्याचा डबा घेऊन घाईघाईने रेडिएटरकडे जात असतो. या घाईविषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

जीप आपल्याला नवी नाही. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलिज जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे ही गाडी गावोगावी पोचली. पांदणीतून, नाल्यातून, नांगरलेल्या वावराच्या कडेने जाणारी दुसरी गाडी तेव्हा नव्हतीच. आज तिच्या जागी नव्या धर्तीच्या चार चाकी ओढीच्या गाड्या आणि पिकअप आल्या आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. तरी बागेपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट बहुतेक ठिकाणी जुनीच आहे. तीच गाडी माल नेते, तीच मजूर आणते आणि रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर तीच दवाखान्यात नेते. म्हणून ती बंद पडली की एकट्या मालकाचे नव्हे, साऱ्या गल्लीचे अडते.

काही वर्षांपूर्वीची माझ्या घरची गोष्ट सांगतो. तोडणीचे दिवस होते. गाडी भरून दिली आणि ड्रायव्हरला बजावले, "आज उशीर झाला तर भाव जाईल, कुठे थांबू नकोस." गाडी निम्म्या वाटेवर वाफ ओकून बंद पडली. सोबतच्या पोराने धावत जाऊन झाकण उघडले आणि त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. पुढे मिस्त्रीने इंजिन उघडले तेव्हा हेड वाकलेले निघाले. ड्रायव्हर खाली मान घालून म्हणाला, "भाऊ, काटा वर चालला हे मला आधीच दिसले होते. पण तुम्ही रागवाल म्हणून थांबलो नाही." मी त्याला काय बोलणार? चूक त्याची नव्हती, माझी होती.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले आहे. गाडी तापते ती उन्हामुळे, ओझ्यामुळे किंवा बिघाडामुळे. परंतु इंजिन जाते ते बहुधा न थांबल्यामुळे. आणि ड्रायव्हर थांबत नाही तो मालकाच्या धाकामुळे. बैलाला धाप लागली की आपण जू उतरवतो, त्याला सावलीत उभे करतो. त्यासाठी गड्याने मालकाची परवानगी मागावी असा रिवाज नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण हे शहाणपण विसरलो.

आपल्याकडे गाड्या का तापतात ते आधी समजून घेऊ. इंजिनातली उष्णता पाणी उचलते, पंप ते फिरवतो आणि रेडिएटरच्या जाळीतून जाणारा वारा ते थंड करतो. सडकेवर वेगामुळे वारा आपोआप लागतो. काळ्या जमिनीत पहिल्या-दुसऱ्या गियरवर गाडी रेटताना इंजिन जोर लावते, पण पुढून वारा लागत नाही. सारा भार एकट्या पंख्यावर पडतो. त्यात जाळीवर वाळलेला चिखल, गवताचे कुसळ आणि कापसाचे तंतू बसलेले असतात. कोणी हौसेने पुढे जाड लोखंडी गार्ड आणि चार दिवे लावतो. त्यांनीही वारा अडतो.

आता काटा चढू लागला तर काय करावे? प्रथम एसी चालू असेल तर बंद करावा आणि हीटर असेल तर तो पूर्ण उघडावा. उन्हाळ्यात हीटर म्हटले की हसू येईल, परंतु इंजिनातली काही उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. मग सावली पाहून गाडी बाजूला घ्यावी. वाळलेल्या गवतावर मात्र उभी करू नये; तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटते. वाफ नसेल, पाणी गळत नसेल आणि पंखा फिरत असेल, तर इंजिन दोन-तीन मिनिटे हळू चालू ठेवून काटा उतरतो का ते पाहावे. काटा लाल खुणेला टेकला असेल, वाफ येत असेल, पट्टा तुटला असेल किंवा होज पाइप फाटला असेल, तर इंजिन तत्काळ बंद करावे. वाफ येत असताना काटा एकदम खाली पडला तर गाडी थंड झाली असे समजू नये. काट्याच्या कळीपाशी पाणीच उरले नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. ते झाकण दाब धरून ठेवते. ०.९ किलो दाबाचे झाकण असेल तर आतले पाणी सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो आणि १०० अंशांच्या वर गेलेले पाणी क्षणात उसळते. १ लीटर पाण्याची वाफ झाली तर ती १६०० लीटरहून अधिक जागा व्यापते. तोंडावर आणि हातावर येते ते हेच. निदान अर्धा ते पाऊण तास थांबावे. वरचा होज पाइप हाताला थंड लागला आणि दाबला असता सहज दबला, तरच झाकणावर जाड ओला कपडा ठेवून, तोंड दूर धरून, ते हळूहळू सैल करावे. पाणी थोडे थोडे घालावे. तापलेल्या इंजिनात विहिरीचे गार पाणी एकदम ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो.

एवढे करूनही कोणी भाजलेच, तर जखमेवर वाहते साधे पाणी पूर्ण २० मिनिटे सोडावे. अंगठी, कडे, घड्याळ लगेच काढावे, कारण नंतर सूज येते. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. बर्फही ठेवू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कपड्याने सैल झाकून दवाखान्यात न्यावे. तोंड किंवा डोळे भाजले असतील, अथवा भाजलेला भाग मोठा असेल, तर वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आमच्या पोराच्या हाताला आम्ही आधी हळद-तूप लावले आणि मग दवाखान्यात नेले. तो लेप धुऊन काढताना त्याला ज्या कळा लागल्या त्या मी विसरलो नाही.

गाडी थंड झाल्यावर ती कधी तापते याचा विचार करावा. निम्मा रोग तिथेच सापडतो. बागेत हळू चालताना तापते आणि सडकेवर ठीक राहते, तर दोष वाऱ्याचा: पंख्याचा पट्टा सैल, पंख्याची मोटर किंवा फ्यूज गेलेला, नाहीतर जाळी बाहेरून तुंबलेली. उलट सडकेवर वेगात, किंवा सौंसरहून छिंदवाड्याकडे जाताना सिल्लेवानीचा घाट चढताना तापत असेल, तर दोष बहुधा पाण्याच्या फिरण्याचा: रेडिएटर आतून क्षाराने भरलेला, पंप झिजलेला किंवा खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होत असलेला. वरचा पाइप चटका देतो आणि खालचा थंडच राहतो, तर थर्मोस्टॅट अडकला असावा किंवा रेडिएटर आतून बंद झाला असावा. गळती कुठेच दिसत नाही तरी पाणी कमी होते, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, धूर पांढरा निघतो किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसते, तर हेड गॅसकेट गेले असे समजावे. अशी गाडी चालवत गावापर्यंत नेण्याचा मोह टाळावा आणि ती ओढून न्यावी. ब्रेक घासत असतील किंवा क्लच घसरत असेल, तरीही इंजिनावर विनाकारण जोर येतो, हेही ध्यानात असावे.

आता दोन समजुतींविषयी स्पष्ट बोलतो. पहिली अशी की आपला मुलूख उष्ण, म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकावा. पुष्कळ जण गाडी तापली की हाच उपाय करतात. मला तो मान्य नाही. थर्मोस्टॅट साधारण ८० अंशांच्या वर उघडतो आणि इंजिनाला योग्य उष्णतेवर ठेवतो. तो काढला तर थंडीच्या दिवसांत इंजिन थंडच चालते, डिझेल जास्त जाते आणि झीज वाढते. शिवाय कित्येक इंजिनांत पाण्याला आडवाट दिलेली असते. थर्मोस्टॅट नसला की गरम पाणी रेडिएटरमध्ये न जाता त्या आडवाटेने परत इंजिनात फिरते आणि गाडी उलट अधिक तापते. थर्मोस्टॅट बिघडला का, हे घरीच पाहता येते. तो दोऱ्याला बांधून जुन्या भांड्यातल्या पाण्यात टांगावा आणि पाणी तापवावे. पाणी उकळेपर्यंत तो उघडला नाही तर बदलावा. नवा घालावा, जागा रिकामी ठेवू नये.

दुसरी समजूत अशी की पाणी म्हणजे पाणी, विहिरीचे काय आणि कुठले काय. आपल्या काळ्या दगडातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, त्यांना डाग देता येई. आताचे बहुतेक ॲल्युमिनियमचे आणि प्लास्टिकच्या टाकीचे असतात. ते बिघडले की बहुधा बदलावेच लागतात. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट वापरावे. दाट कूलंट आणले असेल तर बॅटरीत घालतो त्या शुद्ध पाण्यात, डब्यावर दिलेल्या प्रमाणात मिसळावे. वाटेत अडचण आली तर विहिरीचे पाणी घालण्यास हरकत नाही, मात्र नंतर ते काढून टाकण्यास विसरू नये.

कूलंटविषयी एक इशारा. ते विषारी असते आणि चवीला गोड लागते. जुने कूलंट काढून अंगणात, नालीत किंवा जनावरांच्या हौदाजवळ सांडू नये. शरबताच्या वा दारूच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नये. कोणाच्या पोटात गेलेच, तर त्रास दिसण्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

यातले पुष्कळसे काम आठवड्यातून १५ मिनिटांत होते. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, टाकीतली पातळी पाहावी, पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा, होज पाइपला भेगा आहेत का ते बघावे. जाळी इंजिनाकडून बाहेरच्या बाजूला, हलक्या धारेने धुवावी. जोराच्या धारेने तिच्या पात्या वाकतात. पाच लीटर शुद्ध पाण्याचा डबा, एक जादा पट्टा आणि जाड कपडा गाडीत कायम असावा.

कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण बाजार कोणासाठी थांबत नाही. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे १०० किलोमीटर. उशिरा पोचलेल्या मालाला भाव कमी मिळतो हे मीही जाणतो. परंतु पाऊण तासाच्या उशिराने एका खेपेचे नुकसान होते. वाकलेल्या हेडने उरलेल्या सगळ्या खेपा बुडतात, आणि भाजलेल्या हाताची भरपाई तर कोणत्याच भावात होत नाही.

तेव्हा माझी मालकवर्गाला एकच विनंती आहे. या मोसमात गाडीची किल्ली ड्रायव्हरच्या हाती देताना स्वतःच्या तोंडाने सांगा, "काटा चढला तर थांब. मला फोन कर. उशीर झाला तर मी बोलणार नाही." आणि तो खरोखर थांबला, माल उशिरा पोचला, भाव थोडा पडला, तर त्या दिवशी आपला शब्द पाळा. एकदा रागावलात, तर पुढच्या वेळी तो थांबणार नाही.