थकलेले हप्ते, थकलेला मित्र

आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२पासून तो पाळला जातो. आज सरकारी रुग्णालयांत फलक लागतील, महाविद्यालयांत व्याख्याने होतील. ती व्हावीतच. पण ज्याच्यापर्यंत हा दिवस पोहोचायला हवा, तो त्या सभागृहात फिरकत नाही. तो हल्ली कट्ट्यावर येत नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून न सांगता बाहेर पडला आहे, मित्राचाही फोन उचलत नाही. सोयाबीनला भाव मिळाला नाही, दुकान बसले, नोकरी गेली. काहीतरी झाले आणि हप्ते थकले. मग झोप उडाली, आणि पुढे चार माणसांत जायचीच लाज वाटू लागली.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. प्रत्येकीमागे कर्जच होते असे नाही. पण कर्ज आणि नैराश्य एकाच घरात शिरले की काय होते, हे विदर्भ-मराठवाड्याला कोणी सांगायला नको.

अशा मित्राला आपण बहुधा बोल लावतो: ‘गाडी घ्यायची काय गरज होती?’ नाहीतर ‘होईल सगळं नीट’ म्हणून उठतो. नैराश्य हा आजार आहे. त्यात निर्णय घेण्याची ताकदच आटते. बँकेची नोटीस पाकिटातून काढून वाचणेही होत नाही. न वाचलेल्या नोटिशीवर व्याज चढते आणि माणूस आणखी खचतो. म्हणून हिशेब आणि उपचार एकाच आठवड्यात सुरू व्हायला हवेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्याच्या घरी जा, सगळे कागद काढायला लावा आणि वहीत लिहा: कोणाचे किती, व्याज काय, घर-शेत कुठे तारण आहे. बँकेत किंवा पतसंस्थेत त्याच्यासोबत जा, हप्ते पुन्हा बांधून देण्याचा अर्ज लेखी द्या. वसुली एजंटांनी सकाळी ८च्या आधी व संध्याकाळी ७नंतर फोन करू नये, नातेवाइकांना-मित्रांना छळू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. हे त्याला सांगा. विनापरवाना सावकारी २०१४च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे, तक्रार जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पैसे द्यायचेच तर परत आले नाहीत तरी चालतील एवढेच द्या. भावनेच्या भरात जामीन राहू नका. त्यात दोन घरे बुडतात.

मैत्रिणीची अडचण वेगळी असते. गटाच्या कर्जात शेजारच्या बायकाच एकमेकींना जामीन असतात, त्यामुळे मन मोकळे करायचे तिथेच तोंड लपवावे लागते. तिच्याकडे गटाबाहेरच्या कोणीतरी जायला हवे.

सर्वांत अवघड प्रश्नही विचारायला हवा: ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका, फवारणीचे औषध घरातून हलवा आणि ‘कोणाला सांगू नको’ अशी शपथ घातली असली तरी घरच्यांना सांगा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतात. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि तेवढ्यातच बरेच जण ती सोडतात. म्हणून दुसऱ्या, तिसऱ्या खेपेलाही सोबत जा.

‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा २०२२ मध्ये याच दिवशी सुरू झाली. क्रमांक १४४१६, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. मित्राची काळजी वाटते म्हणून तुम्हीही तिथे फोन करू शकता. ज्याचे नाव हे वाचताना मनात आले, त्याच्याकडे आजच जा.