पंगतीला अट नसावी

ख्रिस्ती सेवाकार्य व्यासपीठापेक्षा उंबरठ्यावर अधिक खरे ठरते, असे माझे मत आहे. मराठी कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर दोघे दुरावले होते; मधल्या काळात नवऱ्याच्या घरी परतल्यावरही त्या आपले सोवळे पाळत राहिल्या. त्यांचे मन वळले ते वादविवादाने नव्हे, तर ख्रिस्ती लोकांच्या सहवासात, जातीची भिंत रोजच्या व्यवहारात झिजत गेल्यामुळे. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना हे पानोपानी जाणवते. पुढे 1917 साली टिळकांनी पगारी मिशनसेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. हे पाऊल मला फार मोलाचे वाटते.

घरी बोलावून, एका पंगतीला बसवून केलेली अशी मैत्री म्हणजे धर्मांतराचे आमिषच, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे, कारण हेतू लपवून वाढलेले ताट अपमानच करते. पण पाहुणा स्वतःच्या श्रद्धेवर ठाम राहिला तरी स्नेह तसाच टिकला, तर तो आक्षेप उरत नाही. मग सुवार्तेचे काय, असे काही ख्रिस्ती विचारतील. येशू जकातदारांच्या पंगतीला बसला, तेव्हा त्याने त्यांच्याकडून आधी कबुलीजबाब मागितला नव्हता. यजमानाने आपली श्रद्धा लपवू नये. विचारल्यास मोकळेपणाने सांगावी आणि पाहुण्याची तितक्याच आस्थेने ऐकावी.