गॅस कमी झालाय की कंडेन्सर तुंबलाय? लोट्यात थांबलेल्या रीफर ट्रकचा धडा

मे महिन्यात मुंबई-गोवा महामार्गावर लोट्याला चहासाठी थांबलो होतो. शेजारीच मिरकरवाड्याहून मुंबईला निघालेला रीफर ट्रक उभा. आत गोठवलेली मासळी, आणि डिस्प्लेवर उणे १८ च्या जागी उणे ९. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "गॅस कमी होता म्हणून वाटेत भरून घेतला. आता तर युनिटच बंद पडतंय!"

इथेच खरी गोची आहे. कूलिंग कमी म्हणजे गॅस कमी, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय.

गेज लावलं. या युनिटमध्ये आर-४०४ए गॅस होता. बाहेर ३६ अंश असताना कंडेन्सरमधला गॅस साधारण १४ अंश वर, म्हणजे ५० अंशांच्या आसपास द्रव व्हायला हवा. त्या तापमानाला हाय साइडचं प्रेशर ३२० पीएसआयच्या जवळपास येतं. इथे काटा ४२० ओलांडून चढत होता, मग कट-आउटने युनिट बंद केलं. लो साइडही चढलेली. गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली दिसले असते.

कंडेन्सर पाहिला, तर तांबडी धूळ आणि खारट ओल यांचा थर. परशुराम घाटात रांगेत उभं राहिलं की पुढच्या गाडीची गरम हवा भर घालते. आतून बाहेर, हलक्या धारेने पाणी मारलं आणि जादा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, तेव्हा काटा खाली आला.

बाकीची ओळखही सोपी आहे. लो साइड खूप खाली आणि हाय साइड ठीक असेल तर ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा बर्फाने भरलेला इव्हॅपोरेटर तपासा. लो साइड वर आणि हाय साइड खाली असेल तर कॉम्प्रेसरचे व्हॉल्व्ह गेले असण्याची शक्यता. पण कॉम्प्रेसर गाडीच्याच इंजिनवर चालत असेल, तर आयडलिंगवरही असंच दिसतं. आधी आरपीएम वाढवून बघा.

आता हा विषय गॅरेजपुरता राहिलेला नाही. आर-४०४ए हवेत सुटला, तर १०० वर्षांच्या हिशेबात एक किलोचा परिणाम सुमारे ३.९ टन कार्बन डायऑक्साइडइतका होतो. भारताने २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती स्वीकारली. त्यानुसार अशा एचएफसी गॅसांचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करायचा आहे.

माझ्या मते पहिला फटका छोट्या ट्रकमालकांना बसेल. पुरवठा आवळला की गॅस महागणार, आणि अंदाजाने गॅस भरायची सवय परवडणार नाही. मोठ्या कंपन्या नवी युनिटं घेतील. कोकणातल्या मासळीवाल्याला जुनंच युनिट नीट चालवावं लागेल. त्यासाठी दोन गोष्टी पुरेत: दोन्ही गेज वाचणारा मेकॅनिक आणि महिन्याला धुतलेला कंडेन्सर.