तीन अक्षरे आणि आमची अर्थ लावण्याची हौस

मी कारकून माणूस. एल.डी.सी., यू.डी.सी., सी.एल., ई.एल. अशा संक्षेपांतच माझा दिवस जातो. त्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. संक्षेपाचा अर्थ मनाने लावायचा नसतो, मूळ कागद काढून पाहायचा असतो.

परवा जेवणाच्या सुट्टीत जुने गोव्यातल्या बॉम जेझू बासिलिकेचा विषय निघाला. तिच्या दर्शनी भिंतीवर अगदी वर 'आय.एच.एस.' ही अक्षरे कोरलेली आहेत. आमचे एक सहकारी ठासून म्हणाले, "ते आपलं 'ईश' आहे. चोरलंय!" एका ख्रिस्ती बाईंनी सांगितले, "नाही हो, 'आय हॅव सफर्ड'." वाचकहो, दोघेही चुकले!

येशूचे ग्रीक नाव 'इएसूस'. त्याची पहिली तीन अक्षरे आयोटा, ईटा, सिग्मा. यातला 'ईटा' हा स्वर. पण मोठ्या लिपीत तो हुबेहूब रोमन 'एच'सारखा दिसतो. लॅटिन वाचणाऱ्यांनी तो 'एच'च धरला. म्हणजे हा तीन शब्दांचा संक्षेप नाहीच. 'कैलासवासी'चे आपण 'कै.' करतो, तसे हे एकाच नावाचे आखूड रूप. 'येशू, मानवांचा तारक' हा लॅटिन अर्थही मागाहून चिकटवलेला. पंधराव्या शतकात सिएनाच्या बर्नार्दिनो या धर्मोपदेशकाने ही अक्षरे लोकप्रिय केली, पुढे ती जेझुइट संघाच्या मुद्रेवर आली आणि त्या संघाबरोबर गोव्यात.

मग 'ईश'? तो संस्कृत धातू सत्ता चालवण्याचा. येशूचे मूळ हिब्रू नाव 'येशुआ', ते तारणाशी जोडलेले. उच्चार जवळ आला म्हणून सोयरीक होत नाही. 'गॉड' म्हणजे 'जनरेटर, ऑपरेटर, डिस्ट्रॉयर' सांगणारे प्रवचनकार याच जातीचे.

सहकाऱ्यांचा राग कुठून येतो, ते मला कळते. साष्टी ही याच संघाची कर्मभूमी. तिथली देवळे १५६७ साली पाडली गेली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला. ही वेदना खरी आहे, तिला कागदाचा पुरावा आहे. आणि याच संघाच्या फादर स्टीफन्सचे मराठी ओवीतले ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले, हेही तितकेच खरे.

एवढा भरभक्कम इतिहास हाताशी असताना थापेची गरज काय? खऱ्या जखमेशेजारी 'ईश'ची थाप ठेवली, तर उद्या कोणीही म्हणेल, देवळांची गोष्टही थापच! नुकसान चर्चचे नाही, आपलेच होते.

शेजाऱ्याच्या दारावर काय लिहिले आहे, ते चारशे वर्षांत आपण नीट वाचले नाही. शेरा मारण्याआधी निदान फाईल तरी उघडू या.