संस्कृती अनेक, न्याय एक

कॅनडा हे क्षेत्रफळाने जगातील दुसऱ्या क्रमांकाचे राष्ट्र. त्यात दहा प्रांत व तीन प्रदेश आहेत. क्वेबेक प्रांताची भाषा फ्रेंच, इतरत्र बहुतांशी इंग्रजी. उत्तरेच्या नुनावुतमध्ये इनुइट लोक बहुसंख्य आहेत. टोरांटो शहरातील जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशांतून येऊन स्थायिक झालेले आहेत. ह्या देशाने १९७१ साली बहुसंस्कृतिवाद हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारले व १९८८ साली त्याचा कायदा केला.

परंतु हे औदार्य कॅनडाच्या अंगी उपजत होते काय? मुळीच नाही. ज्या चिनी मजुरांनी ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांतून रेल्वे नेली, त्यांच्या बांधवांवर १८८५ साली, रेल्वे पुरी होताच, प्रवेशाचा डोईकर बसला. १९२३ साली तर त्यांना दारच बंद झाले. ते १९४७ साली उघडले. १९४२ साली वीस हजारांवर जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हुसकून लावण्यात आले. मूलनिवासी लेकरांना आईबापांपासून तोडून, त्यांची भाषा विसरावयास लावणाऱ्या निवासी शाळा तर विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत चालू होत्या. ज्यांनी हे सोसले त्यांनी दाद मागितली, तेव्हा कुठे सरकारने माफी मागितली.

आता आपल्याशी निगडित असलेला प्रश्न. आपल्या देशातून तिकडे गेलेल्या माणसाने सामानाबरोबर जातही नेली. मार्च २०२३ मध्ये टोरांटोच्या शाळा मंडळाने जातिभेदाची दखल घेण्याचा ठराव केला. त्याच वर्षी ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव कायद्याने निषिद्ध असल्याचे स्पष्ट केले. अशाने साऱ्या समाजाची बदनामी होते, अशी ओरड काहींनी केली. आम्ही विचारतो, बदनामी कशाने होते? भेद पाळल्याने, की त्याविरुद्ध तक्रार केल्याने?

प्रत्येकाच्या संस्कृतीला मान द्यावा, हे खरे. परंतु माणसाला हीन लेखणे हाही संस्कृतीचाच भाग आहे, असे कोणी म्हणेल तर त्या मानावर त्याचा हक्क उरत नाही. आपली मुलेमुली उद्या टोरांटोस वा व्हँकुव्हरला शिकावयास जातील. त्यांना प्रवासखर्चाबरोबर तेथील हक्कांचे ज्ञानही द्या. आडनाव विचारून कोणी तोंड फिरवले, तर त्यांनी मान खाली घालू नये, तक्रार नोंदवावी.