थोडी जागा हवी

मराठीत संप म्हणजे हरताळ, पण आपल्या हुबळी-धारवाडात संप म्हणजे अंगणाखालची पाण्याची टाकी. चिरंजीवांनी माशांच्या पेटीखाली गाळणी आणि पंपासाठी अ‍ॅक्रिलिकचा संप केला. खिडक्या उघडून तक्ते क्लोरोफॉर्मने जोडले, चोवीस तास पाणी भरून गळती तपासली. मग मी हौसेने तो काठोकाठ भरला.

रात्री वीज गेली, पंप थांबला, वरचे पाणी खाली उतरले आणि दिवाणखान्यात तळे! मासे वाचले. सकाळी शेजारच्या अक्का हसून म्हणाल्या, "स्वल्प जागा बिडबेकप्पा!"

आता पंप बंद ठेवून पाणी चढते तिथवर खूण केली आहे.

चिरंजीव नोकरीसाठी बेंगळुरूला निघालेत. त्यांची खोली आम्ही तशीच ठेवणार आहोत.